अंतर्देशी

उचगाव फाट्यावर माझं दुकान.
रिचार्ज, झेरॉक्स, आधारला फोन जोडून मिळेल.
पाटी तीनदा रंगवली:
एकदा अक्षरांच्या आकारावरून,
एकदा कुणाची अक्षरं वर, यावरून,
तिसऱ्यांदा रात्रीत कुणीतरी काळं फासलं म्हणून.

फोनला असलं काही नसतं.
भाषा निवडा, म्हणतो.
शट्टुप्पाच्या बायकोनं मराठी दाबलं.
दगड आला नाही, मोर्चा आला नाही,
निमूट मराठी झाला बापडा.
आणि त्याच मराठीत, तीन चुकांसकट, विचारलं:
आपली माहीती खाजगी ठेऊ इच्छीता?
दरमहा एकशे एकोणपन्नास रुपये.
नको असल्यास मोफत सुरू ठेवा.

ती म्हणाली, "ताई, म्हणजे आत्तापर्यंत
उघड्यावरच होतं काय सगळं?"

मी याच अंगठ्यानं
निम्म्या गावाचं 'मोफत' दाबलंय.
कुणाची साखर, कुणाचं कर्ज,
रात्री दोनला कोण काय शोधतं,
आणि ही मराठीची खूणसुद्धा, कुठल्यातरी वहीत.
कोण किती, याची मोजणी इथं जुनी आहे.
आता तिसरंच कुणीतरी मोजतंय,
तारीख न देता.

बाकावर मष्णू पोस्टमन होते,
हयातीच्या दाखल्यासाठी आलेले.
"त्यात काय नवं?" म्हणाले.
"कार्ड पंधरा पैशे, अंतर्देशी पस्तीस.
झाकायचे वीस जास्त, तेव्हापासूनच.
कार्डं वाचायचो की मी.
कुणाची सोयरीक मोडली,
कोण गोव्याला गेला तो परत येणार नाही,
घरच्यांच्या आधी मला ठाऊक."

म्हणजे कंपनीचं बरोबर आहे म्हणा, मी म्हटलं.

त्यांनी तंबाखू मळायला वेळ घेतला.
"वीस पैशे कागदाचे गं. कडेच्या गोंदाचे.
माझ्या न वाचण्याचे कोण देतंय?
आणि वाचलेलं मी शनिवारच्या बाजारात
नेऊन विकलं नाही."
मग तळव्याकडे बघत,
"एकदा सोडून."

मी विचारलं नाही.
चंदगडची बस धूळ उडवत गेली.
बाचीच्या पुढं तिच्यातले सगळे फोन
एकदम थरथरणार: आपलं स्वागत आहे.
कोण कुठं पोचलं ते
पोचणाऱ्याआधी कळतं त्यांना.

ती बोटांवर हिशेब करत होती.
शिनोळीच्या काजू कारखान्यात
किलोला तेवीस रुपये.
"साडेसहा किलो सोलायचे, ताई.
आणि मिळणार काय?"
काही नाही, मी म्हटलं.
काही होऊ नये, याचे पैसे.

आधी अंगठा लाव, बघू.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणालं यंत्र.
ओला करून. पुसून. डाव्या हाताचा.
पुन्हा प्रयत्न करा.
टरफलाच्या तेलानं रेषा खाऊन टाकलेल्या,
बोटांची टोकं काळी, गुळगुळीत,
पाण्यातल्या खड्यांसारखी.

"हिला कोणी वाचू शकत नाही बघ,"
मष्णू हसले.
ती हसली नाही.
"म्हणूनच दोन महिने रेशन नाही दिलं."

पोस्टमन तंबाखू थुंकायला म्हणून उठले,
बराच वेळ आले नाहीत.

पैसे तिनं भरले नाहीत.
मोफतही दाबू दिलं नाही मला.
फोन काउंटरवर पालथा घातला,
परकं माणूस आलं की ताट झाकतात तसा,
वर माझं झेरॉक्सच्या कागदांचं बंडल ठेवलं,
आणि पुढं वाकून, माझ्या कानाशी,
ज्यासाठी फोन घेतला होता ते सांगितलं.

दोनच वाक्यं होती.
ती मी इथं लिहीत नाही.
त्याचे तिच्याकडून काही घेतले नाहीत.